'आहे' की 'असेन'?

'कमल'मधली फक्त व्यंजनं लिहून पाहा: क, म, ल. कुणी ते कमल वाचेल, कुणी कमाल, कुणी कोमल. प्राचीन हिब्रू अशीच, मुख्यतः व्यंजनांनी लिहिली जायची. भाषा येणारा माणूस स्वर आपसूक भरायचा. पण एखादा शब्द कुणी तोंडातून काढायचाच नाही असं ठरलं, तर त्याचे स्वर टिकणार कसे?

ज्यूंच्या ईश्वराच्या नावाचं हेच झालं. उजवीकडून डावीकडे योद, हे, वाव, हे अशी ही चार अक्षरं हिब्रू बायबलमध्ये ६,८०० हून अधिक वेळा येतात. इ.स.पू. नवव्या शतकात शेजारच्या मवाबच्या मेशा राजाने कोरून घेतलेल्या शिलालेखातही ती आहेत. म्हणजे तेव्हा हे नाव परक्यांनाही ठाऊक होतं. पुढे आदरापोटी ते घेणं कमी होत गेलं. जेरुसलेमच्या मंदिरात प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक ते उच्चारत असे, इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिरच पाडलं. वाचताना त्या जागी 'अदोनाय', म्हणजे 'प्रभू', म्हणायची रीत पडली. नवऱ्याला 'अहो' म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना ही रीत लगेच कळली असती.

पुढे मासोरा परंपरेच्या, म्हणजे बायबलचा पाठ जपणाऱ्या ज्यू पंडितांनी हिब्रूला स्वरचिन्हं दिली तेव्हा या चार अक्षरांना 'अदोनाय'चे स्वर जोडले. ती खूण होती: लिहिलंय एक, वाचा दुसरं. मध्ययुगीन ख्रिस्ती अभ्यासकांनी ती अक्षरं आणि ते स्वर एकत्र वाचले आणि 'यहोवा' हे रूप रूढ झालं. मूळ उच्चार 'याह्वे'च्या जवळचा असावा, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. बायबलच्या काही ग्रीक हस्तलिखितांत हे नाव हिब्रू लिपीतच ठेवलेलं असे. हिब्रू न येणारे वाचक त्या अक्षरांना ग्रीक समजून 'पिपी' वाचत, अशी नोंद बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमने केली आहे.

उच्चार हरवला याची मला हळहळ वाटते, पण खरी कसोटी अर्थाची आहे. बायबलमधल्या निर्गम ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात मोशे हा संदेष्टा देवाला नाव विचारतो. उत्तर येतं, 'एह्ये अशेर एह्ये'. 'एह्ये' हे 'हाया' या धातूचं प्रथमपुरुषी रूप; ती चार अक्षरंही याच धातूशी जोडली जातात. 'हाया'त असणं आणि होणं दोन्ही आलं, आणि हे रूप अपूर्ण क्रियेचं. त्यात 'आहे'ही मावतं आणि 'असेन'ही. मराठीत मात्र एक काहीतरी निवडावंच लागतं. मराठी बायबलने 'मी आहे तो आहे' निवडलं. ग्रीक भाषांतरकार तर 'जो आहे तो मी' असं लिहून तत्त्वज्ञानाच्या अंगणात शिरले. मला 'असेन' जास्त पटतं, कारण दोनच ओळी आधी, बाराव्या वचनात, फारोसमोर, म्हणजे इजिप्तच्या राजासमोर, जायला कचरणाऱ्या मोशेला देव सांगतो, 'मी तुझ्याबरोबर असेन'. तिथेही शब्द 'एह्ये'च आहे. घाबरलेल्या माणसाला धीर देणारं हे बोलणं आहे, असण्याची व्याख्या नव्हे.

मराठी बायबलात या चार अक्षरांच्या जागी 'परमेश्वर' येतो: 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे'. वाक्य गोडच आहे, पण विशेषनाम गेलं आणि त्यामागचं क्रियापदही दिसेनासं झालं.

कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांत 'शमा' ही प्रार्थना म्हणताना आजही लिहिलेल्या चार अक्षरांच्या जागी 'अदोनाय'च म्हणतात. त्याच घरांत पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचा मलिदा मांडून एलियाहू हन्नावीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची, आठवण करतात. 'एली' म्हणजे माझा देव, आणि 'याहू' हा त्याच न उच्चारलेल्या नावाचा तुकडा. तो मात्र मोठ्याने म्हटला जातो.