आल्बेडो (संगणकीय चित्रण)

आल्बेडो : पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशापैकी किती हिस्सा विखरून परत फिरतो, ते सांगणारा ० ते १ मधला अंक. संगणकावर खोलीचे किंवा वस्तूचे हुबेहूब चित्र रेंडर करताना (प्रकाशाचा हिशेब करून तयार करताना) पदार्थाचा ‘रंग’ म्हणून आपण भरतो तो खरे तर हाच अंक. लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशासाठी एकेक. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पांढरेपणा. प्रकाशमापनात तो योहान हाइनरिख लांबेर्ट याने १७६० मध्ये रूढ केला.

निसर्गात पूर्ण पांढरे किंवा पूर्ण काळे जवळजवळ काहीच नसते. ताज्या बर्फाचा आल्बेडो ०.८ ते ०.९, गवताचा साधारण ०.२५, नव्या डांबरी रस्त्याचा व कोळशाचा ०.०४ च्या आसपास. रात्री लख्ख दिसणाऱ्या चंद्राचाही जेमतेम ०.१२, म्हणजे जुन्या डांबराइतकाच. डोळ्यांवर विसंबून रंग निवडू नये तो यासाठी.

रंगपेटीत लाल, हिरवा, निळा हे प्रत्येकी ० ते २५५ मध्ये भरतात. नवशिक्याची भिंत हमखास २५५, २५५, २५५ अशी, म्हणजे पूर्ण पांढरी, असते, आणि ती सगळे चित्र बिघडवते. उजेड एकदाच उसळत नाही. बंद खोलीत सर्व बाजूंचा आल्बेडो ०.८ असेल, तर १ + ०.८ + ०.६४ अशी बेरीज ५ पर्यंत जाते, ०.९ केला की १० पर्यंत. रंगात डोळ्याला फारसा न जाणवणारा फरक, आणि उजेड दुप्पट! आल्बेडो १ ठेवला तर हिशेबाने उजेड विझतच नाही. मग चित्र फिकट, सावल्यांविना सपाट दिसते आणि दोष मात्र दिव्यांना दिला जातो. चुन्याच्या भिंतीला ०.८ पुरे.

रंगपेटीतले आकडे सरळ प्रमाणात नसतात, हा आणखी एक घोटाळा. नेहमीच्या एसआरजीबी (संगणकाच्या पडद्यांसाठीच्या प्रमाण) मोजणीत १८ टक्के परावर्तनाचा करडा ११८ वर येतो, ८० टक्क्यांचा पांढरा २३१ वर आणि ४ टक्क्यांचा काळा ५६ वर. म्हणूनच अधातूंचे रंग ढोबळमानाने ३० ते २४० मध्ये ठेवायची शिफारस केली जाते. भडक रंगांनाही हे लागू आहे : २५५, ०, ० असा लाल कोणत्याच कापडात सापडत नाही, कारण खरा रंग हिरवा-निळा प्रकाशही थोडासा परतवतोच.

धातूंचे गणित वेगळे. त्यांच्यात विखुरलेला रंग नसतोच. रंग असतो तो चकाकीला. सोन्याचे परावर्तन लाल १.०, हिरवे ०.७७, निळे ०.३४ असे धरतात. प्लास्टिक, लाकूड, काच यांची समोरून दिसणारी चकाकी ४ टक्क्यांच्या आसपास आणि बिनरंगाची असते.

फोटोवरून टेक्स्चर (वस्तूच्या पृष्ठभागावर चढवायचे चित्र) बनवताना सावली व चकाकी आधी काढून टाकावी लागते, नाहीतर ती रेंडरमध्ये दुसऱ्यांदा पडते. फोटो काढताना शेजारी २४ चौकटींचा रंगतक्ता ठेवला, तर खरे आकडे मागाहून जुळवता येतात. भिजलेली माती मात्र वेगळी टिपावी. पाण्याच्या पातळ थरात प्रकाश अडकून पुन्हापुन्हा शोषला जातो, त्यामुळे तिचा आल्बेडो कोरड्या मातीपेक्षा बराच कमी भरतो.