बॅकअप इमेजमधून ऑपरेटिंग सिस्टीम पूर्ववत करण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या संगणकाची चांगल्या स्थितीतील बॅकअप इमेज (डिस्कवरील सगळ्याची एकत्र साठवलेली जशीच्या तशी प्रत) उपलब्ध असेल, तर बंद पडलेली ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा उभी करण्याचे काम बहुतेक वेळा एका दिवसात उरकते. मात्र ते सुरू करण्याआधी काही गोष्टी आपणच ठरवायच्या असतात, आणि त्या कोणत्या हे आधी समजावे म्हणून हे माहितीपत्रक दिले आहे. येथील तपशील विंडोज संगणकांना लागू आहेत.

इमेजमध्ये विंडोजचे संपूर्ण पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग), संगणक सुरू करून देणारे छोटे ईएफआय पार्टिशन, बसवलेले सर्व प्रोग्रॅम, ड्रायव्हर (यंत्रभाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम), सेटिंग आणि त्या पार्टिशनवरील आपल्या फाइली, असे सगळे इमेज घेतली त्या दिवशी जसे होते तसे साठवलेले असते. त्यामुळे प्रोग्रॅम पुन्हा बसवण्याचा खटाटोप वाचतो. पण याच कारणाने इमेज डिस्कवर उतरवली जाते तेव्हा त्या डिस्कवरील आजचा मजकूर पुसला जातो, आणि इमेज घेतल्यानंतर तयार झालेली कागदपत्रे, छायाचित्रे, हिशेबाच्या नोंदी, संगणकावरच साठवलेले ईमेल आणि ब्राउझरमधील पासवर्ड परत मिळत नाहीत. विंडोजच्या सेटिंग मागच्या तारखेला नेणारे ‘सिस्टीम रिस्टोर’ वैयक्तिक फाइलींना हात लावत नाही, म्हणून येथेही तसेच असेल असा समज अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे.

म्हणून आमचा आग्रह असा की, विंडोज सुरू होत नसले तरी डिस्क वाचता येत असेल, तर आधी तीवरील फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. ज्यावरून संगणक सुरू होऊ शकतो अशा (बूट होणाऱ्या) पेन ड्राइव्हवरून तो सुरू करून, अथवा डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून, हे करता येते. डिस्कवर बिटलॉकर (डिस्कवरील मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर त्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, छापून ठेवलेल्या कागदावर किंवा कार्यालयाच्या संगणक विभागाकडे असू शकते. ती नसल्यास त्या फाइली आम्हालाच काय, कोणालाही उघडता येणार नाहीत. कोणत्या फाइली कोठे ठेवल्या आहेत, याची यादी मात्र आपणच करून द्यावी. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे फोल्डर हमखास विसरले जातात.

एकापेक्षा अधिक इमेज असतील, तर सर्वांत ताजी घ्यावी असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ती योग्य असेलच असे नाही. व्हायरस शिरल्यानंतर घेतलेली इमेज त्या व्हायरससकट परत येते. त्रास नेमका कधीपासून जाणवू लागला हे आपण जितके अचूक सांगाल, तितकी आम्हाला योग्य तारखेची इमेज निवडता येईल. इमेज खराब झालेली नाही ना, याची पडताळणी डिस्क पुसण्यापूर्वी केली जाते.

इमेज ठेवलेली बाह्य डिस्क आणताना तीवरील फोल्डरांची नावे बदलू नयेत, फोल्डर हलवू नयेत. विंडोजच्या स्वतःच्या साधनाने घेतलेली इमेज ‘विंडोजइमेजबॅकअप’ नावाच्या फोल्डरात असते; तो फोल्डर दुसऱ्या फोल्डराच्या आत टाकला, तर रिकव्हरीच्या वेळी तो सापडत नाही. (हे साधन कंट्रोल पॅनेलमध्ये अजूनही ‘विंडोज ७’चे नाव कंसात लावून उभे आहे, म्हणून ते जुन्या संगणकांपुरतेच असावे असा ग्राहकांचा गैरसमज होतो.) शिवाय हे साधन मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्क स्वीकारत नाही, मग आतील डेटा थोडासाच का असेना. ५०० जीबीच्या हार्ड डिस्कऐवजी २५६ जीबीची एसएसडी बसवण्याचा विचार असेल, तर तो आधी सांगावा, म्हणजे वेगळा मार्ग काढता येईल. संगणक सुरू करण्याच्या जुन्या ‘बायोस’ पद्धतीच्या संगणकावर घेतलेली इमेज नव्या ‘यूईएफआय’ पद्धतीच्या संगणकावर थेट उतरत नाही, आणि काही नव्या लॅपटॉपमध्ये स्टोरेजचा ड्रायव्हर दिल्याशिवाय रिकव्हरीच्या पडद्यावर डिस्क दिसतच नाही. अशा वेळी डिस्क बिघडली असा निष्कर्ष घाईने काढू नये.

प्रत्यक्ष कामात सर्वप्रथम डिस्कची प्रकृती तपासली जाते, कारण मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर इमेज उतरवणे व्यर्थ आहे. त्यानंतर इमेजची डिस्क आणि जिच्यावर ती उतरवायची ती डिस्क सोडून इतर सर्व डिस्क काढून ठेवल्या जातात, जेणेकरून चुकीची डिस्क पुसली जाण्याचा धोका राहू नये. २०० जीबीची इमेज सेकंदाला १०० एमबी वेगाने वाचली गेली तर अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागतो, तर जुन्या यूएसबी २.० जोडणीवर तेच काम पावणेदोन तासांच्या पुढे जाते. हे काम आपण घरी करणार असाल, तर लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा आणि टक्केवारी बराच वेळ एकाच आकड्यावर थांबली तरी संगणक बंद करू नये.

संगणक परत मिळाल्यावर तो इमेजच्या तारखेचा असतो, म्हणजे त्यानंतरचे सुरक्षा अपडेट त्यावर नसतात. ते आणि अँटीव्हायरसचे अपडेट घेतल्यावरच बँकेचे व्यवहार करावेत. विंडोजच्या साधनाने घेतलेली इमेज उतरवल्यावर बिटलॉकर बंद असते, ते पुन्हा चालू करावे. मदरबोर्ड बदललेला असल्यास विंडोज पुन्हा सक्रिय करावे लागू शकते. बाजूला काढलेल्या फाइली त्यानंतर जागेवर ठेवाव्यात, आणि सर्व प्रोग्रॅम काही आठवडे नीट चालल्याची खात्री झाली की नवी इमेज घ्यावी; तोवर जुनी इमेज आणि फाइलींची प्रत पुसू नये.