दडवलेला मजकूर आणि सर्च इंजिनांचा संशय

१९९५ साली सुरू झालेल्या अल्टाव्हिस्टासारख्या सर्च इंजिनांना एखादे पान कशाविषयी आहे हे ठरवताना प्रामुख्याने त्या पानावरील शब्दांवरच विसंबावे लागे. त्याचा फायदा घेऊन पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत तेच ते शब्द पुन्हा पुन्हा लिहून ठेवण्याची चाल रूढ झाली. वाचकाला कोरी जागा दिसे आणि सर्च इंजिनाला मात्र भरगच्च मजकूर सापडे. मे १९९८ मध्ये पानाची मांडणी व रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा मजकूर पडद्याबाहेर सरकवणे हे एखाद्या ओळीचे काम झाले.

दृष्टिहीन वापरकर्त्याला मात्र असा न दिसणारा मजकूर खरोखरच हवा असतो. शोधाच्या बटणावर केवळ भिंगाचे चित्र असेल आणि त्याला नाव दिलेले नसेल, तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, बहुधा नुसते ‘बटण’ एवढेच उच्चारतो. चित्रांना पर्यायी मजकूर द्यावा, ही अपेक्षा वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ५ मे १९९९ रोजी प्रसिद्ध केलेल्या पहिल्या सुगम्यता मार्गदर्शिकेतच होती. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र २००३ मध्ये सुरू झाले, आणि नेमक्या त्याच वर्षी वेब डिझायनरांमध्ये या प्रश्नावर महत्त्वाचा वाद झडला.

देखण्या अक्षरांतील शीर्षक चित्र म्हणून दाखवायचे आणि खरा मजकूर सीएसएसने लपवायचा, अशी टॉड फार्नर यांच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती तेव्हा लोकप्रिय झाली होती. परंतु ‘डिस्प्ले नन’ ही मजकूर अजिबात न दाखवण्याची सीएसएसमधील सूचना लावून लपवलेला मजकूर अनेक स्क्रीन रीडर वाचतच नाहीत, हे सुगम्यतेचे अभ्यासक जो क्लार्क यांनी त्या वर्षी चाचण्यांतून दाखवून दिले. त्यामुळे मजकूर पूर्ण लपवण्याऐवजी पडद्याच्या कडेबाहेर ढकलण्याची पद्धत रुजली, आणि दुर्दैवाने ती फसवणूक करणाऱ्यांच्या चालीसारखीच दिसत असे. सर्च इंजिनांच्या कारवाईची भीतीही निराधार नव्हती: फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलने बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ फसव्या प्रवेशपानांमुळे, म्हणजे सर्च इंजिनाला एक आणि वाचकाला दुसरेच दाखवणाऱ्या पानांमुळे, आपल्या सूचीतून काढून टाकले होते.

मुंबईत संकेतस्थळे बांधून देणाऱ्या लहान कार्यालयांत हा धाक आजही ऐकू येतो, आणि त्यापायी बटणांची नावे गाळली जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. वास्तविक गूगलच्या धोरणात आता हा भेद स्पष्ट नोंदवलेला आहे. पार्श्वभूमीच्या रंगातील, शून्य आकाराचा किंवा चित्रामागे ठेवलेला मजकूर केवळ क्रमवारी वाढवण्यासाठी असेल तर तो नियमभंग ठरतो. मात्र स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांच्या सोयीसाठी ठेवलेला मजकूर, तसेच क्लिक केल्यावर उघडझाप होणाऱ्या घड्यांमधील आणि टॅबमधील मजकूर, नियमभंगात मोडत नाही. २०१६ मध्ये सूची बनवताना पानाच्या मोबाइल आवृत्तीला प्राधान्य देण्याचे जाहीर झाल्यावर अशा घड्यांतील मजकुराला पूर्ण वजन मिळेल, असेही गूगलकडून सांगण्यात आले.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा वापरता येणे हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानला. मराठी पानांच्या बाबतीत आणखी एक काम उरते: पानाची भाषा मराठी असल्याचे एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान ज्यात लिहिले जाते त्या संकेतभाषेत, नमूद करणे आणि न दिसणारी नावेही मराठीतच लिहिणे, म्हणजे स्क्रीन रीडरला योग्य आवाज निवडता येतो.