पदर सुटावेत, पाणी सुटू नये

मी केलेलं पहिलं गॅलेट वरून फोटो काढण्याजोगं दिसत होतं. कडा सोनेरी, मधे झुकिनी आणि टोमॅटोच्या चकत्या, त्यावर तेलाची चमक. सुरी घातली आणि तळचा थर पात्यालाच चिकटून वर आला. पांढरट, मेणचट आणि चक्क कच्चा. 200 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये 45 मिनिटं राहिलेली वस्तू कच्ची राहतेच कशी, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसला.

गॅलेट हा मूळचा फ्रेंच प्रकार. पाय (pie) किंवा टार्टला साचा लागतो, याला लागत नाही. पारी लाटायची, मधोमध भाज्यांचं सारण पसरायचं, कडेचे चार-पाच सेंटीमीटर चुण्या घालत आत दुमडायचे आणि मधला भाग उघडाच ठेवून भाजायचं. वर्तुळ वाकडं झालं, कड कुठे फाटली तरी कुणी काही म्हणत नाही. ओबडधोबडपणा हीच त्याची शैली.

कच्च्या तळाचा गुन्हेगार म्हणजे पाणी. ओव्हन 200 अंशांवर असला तरी ओली वस्तू ओली असेपर्यंत 100 अंशांच्या वर जात नाही, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. हा खर्च किती, ते पाहण्यासारखं आहे. एक ग्रॅम पाणी 25 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण 315 ज्यूल लागतात. त्याच एक ग्रॅमची वाफ करायला मात्र सुमारे 2,260. म्हणजे सातपटीहून जास्त. झुकिनीत 95 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. 300 ग्रॅम झुकिनी पसरली की 285 ग्रॅम पाणी पारीवर ठेवल्यासारखंच झालं. पारीची कड कोरडी, ती 140 अंशांपलीकडे जाते. तिथे प्रथिनं आणि साखरा यांच्यात ती प्रसिद्ध प्रक्रिया जोर धरते, जिचं वर्णन लुई-कामी मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये केलं. खमंग वास आणि तांबूस रंग तिचाच. तळ बिचारा सारणाच्या पाण्यात बसून शंभरीतच अडकतो. त्याचं भाजणं होत नाही, उकडणं होतं.

गंमत अशी, की हेच पाणी पारीला हवंही असतं. मोजकं, आणि योग्य जागी.

पारीचं जुनं प्रमाण वजनाने तीनास दोनास एक असं आहे: 180 ग्रॅम मैदा, 120 ग्रॅम बटर, 60 ग्रॅम बर्फाचं पाणी आणि चिमूट-दोन चिमूट मीठ. गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन ही प्रथिनं असतात. कोरडी असताना ती गप्प पडून असतात. पाणी मिळालं आणि वर मळणं झालं की एकमेकांत गुंतून त्यांचं ग्लुटेनचं जाळं विणलं जातं. इटलीतल्या बोलोन्याचे शास्त्रज्ञ जाकोपो बेक्कारी यांनी ते पिठापासून वेगळं करून दाखवलं; त्यांचा निबंध 1745 मध्ये छापला गेला. कृती कुणालाही जमेल अशी आहे. मळलेला गोळा पाण्याखाली चोळत राहायचं, स्टार्च दुधाळ होऊन वाहून जातो आणि हातात चिकट, रबरासारखा गोळा उरतो. पावाला तो हवा. गॅलेटच्या पारीत तो जास्त झाला तर वातड चामडं तयार.

म्हणून पिठाला आधी बटर लावायचं, पाणी नंतर. चरबीने मढलेल्या कणापर्यंत पाणी सहज पोहोचत नाही आणि ग्लुटेनचे धागे आखूड राहतात. मोहन घातलं की पदार्थ खुसखुशीत होतो, त्यामागचं कारण हेच. पण गॅलेटला नुसता खुसखुशीतपणा पुरत नाही, पदरही सुटायला हवेत. त्यासाठी निम्मं बटर पिठात चोळून रव्यासारखं करायचं आणि निम्मं वाटाण्याएवढ्या तुकड्यांत तसंच ठेवायचं. लाटताना या तुकड्यांच्या चपट्या चकत्या होतात. ओव्हनमध्ये त्या वितळतात, मागे पोकळी राहते, आणि तिथल्या पाण्याची वाफ पोकळीच्या भिंती दूर ढकलते. एक ग्रॅम पाण्याची वाफ दीड लिटरहून जास्त जागा मागते, तेव्हा पदर फुगायला फार पाणी लागतच नाही.

सगळी मेहनत बटर थंड राहण्यावर अवलंबून आहे. ते 32 ते 35 अंशांना पूर्ण वितळतं, लोळागोळा तर त्याच्या कितीतरी आधीच होतं. आणि तळहात साधारण त्याच तापमानाचा असतो. शिवाय बटर म्हणजे नुसती चरबी नव्हे, त्यात 16 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. आपल्या 120 ग्रॅममध्ये जवळजवळ 19 ग्रॅम! बटर लाटतानाच वितळलं तर हे पाणी पिठाला जाऊन मिळतं आणि टाळायचं ठरवलेलं ग्लुटेन तयार होतं. म्हणून बोटांची टोकं वापरा, तळवा नको. गोळा जेमतेम एकत्र आला की थांबा, तो थोडा भुसभुशीत दिसला तर दिसू द्या. झाकून तासभर फ्रीजमध्ये ठेवला की ओलावा सगळीकडे सारखा पोहोचतो, ताणलेलं ग्लुटेन सैलावतं आणि लाटलेली पारी मागे आकसत नाही. तीन मिलिमीटर जाडीची लाटली तर 30 ते 35 सेंटीमीटरचं वर्तुळ निघतं.

आता सारणाचं पाणी. झुकिनीच्या चकत्यांना मीठ चोळून अर्धा तास चाळणीत ठेवलं की परासरणाने पेशींमधलं पाणी बाहेर येतं. ते टिपून घ्यायचं आणि पुढे मीठ बेताने घालायचं. मशरूम आणि कांदा आधी तव्यावर परतलेले बरे. तिथे पाणी उडायला मोकळी जागा असते आणि कांद्याला रंगही चढतो. टोमॅटोच्या बाबतीत मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. बरेच जण बियांभोवतीचा बुळबुळीत गर काढून टाकतात. पाणी कमी होतं, कबूल; पण टोमॅटोची चव खोल करणारं ग्लुटामेट बाहेरच्या मांसल भागापेक्षा त्या गरातच जास्त असतं. मी चकत्यांना मीठ लावते, निथळलेला रस गरासकट छोट्या कढल्यात आटवते आणि तोच पारीवर पातळ लावते.

त्याखाली कोरड्या पावाच्या चुऱ्याचा हलका थर दिला तर उरलंसुरलं पाणी तो शोषून घेतो. आणि ओव्हन तापतानाच आत एक जाड धातूचा ट्रे ठेवून द्यायचा. गॅलेट बेकिंग पेपरसकट त्या तापलेल्या ट्रेवर सरकवलं की तळाला पहिल्या मिनिटापासून उष्णता मिळते. गरम हवेपेक्षा गरम धातू उष्णता कितीतरी वेगाने देतो. माझा पहिला ट्रे थंड होता, आणि तोही सगळ्यात वरच्या खणात.

एवढं करूनही थोडं पाणी राहणारच. इथे ते उघडं तोंड कामाला येतं. झाकलेल्या पायमध्ये वाफ कोंडते, म्हणून वरच्या पारीला चिरा द्याव्या लागतात. गॅलेटचं सगळं सारणच उघडं, वाफ थेट वर निघून जाते. दुमडलेली कड रस बाहेर वाहू देत नाही. साचा नसल्याने बाजूही थेट भाजते. आळशी माणसाने शोधलेला हा आकार चांगला विचार करून काढल्यासारखा निघतो. मात्र सारणाचा डोंगर करू नका, एक-दीड थर पुरे.

ही वाफ एक चोरीही करते. पुदिना, बेझिल, कोथिंबीर यांचा सुगंध सहज उडून जाणाऱ्या तेलांमध्ये असतो. बेझिलमधलं लिनालूल जवळपास 198 अंशांना उकळतं, तेव्हा शंभर अंशांच्या सारणावर ते टिकावं असं वाटेल. पण पाण्याची वाफ अशा रेणूंना त्यांच्या उत्कलनबिंदूच्या खूप आधीच सोबत घेऊन निघते. अत्तरासाठी फुलांचा अर्क असाच काढतात. घरभर सुटलेला तो सुंदर वास म्हणजे गॅलेटमधून गेलेली चवच. थाइम, रोझमेरी यांची जाड पानं बऱ्यापैकी तग धरतात. कोवळ्या पानांची जागा मात्र ओव्हनमध्ये नाही, वरून घालायच्या हिरव्या सॉसमध्ये आहे.

दोन मुठी पार्सली, एक मूठ बेझिल, लसणाची एक पाकळी, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ, सात-आठ चमचे ऑलिव्ह तेल. सुगंधी रेणू तेलात छान विरघळतात, म्हणून तेलात हात आखडू नये. लसूण चिरताना त्यातलं ॲलिनेझ हे विकर (एन्झाइम) त्यातल्याच ॲलिइन या संयुगाला भेटतं आणि झणका देणारं ॲलिसिन तयार होतं. झणका नको असेल तर लसूण लिंबाच्या रसातच किसा. आम्लात हे विकर मंदावतं.

हिरव्या रंगाचे शत्रू दोन. पानं चिरडली की त्यांतली विकरं हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने त्यांना काळं करतात, बेझिलला तर फारच लवकर. पानं उकळत्या पाण्यात 15-20 सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकली की विकरं निकामी होतात. थोडा ताजेपणा जातो, त्यामुळे सॉस लगेच खायचा असेल तर मी हा खटाटोप करत नाही. धारदार सुरीने चिरते आणि तेलात बुडवते. दुसरा शत्रू आम्ल. क्लोरोफिलच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. (वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या, विशेषतः क्लोरोफिलवरच्या कामासाठी रिचर्ड विलश्टेटर यांना 1915 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) आम्लात त्याची जागा हायड्रोजन घेतो आणि हिरवा रंग मळकट शेवाळी होतो. म्हणून लिंबाचा रस, लसणासकट, अगदी वाढायच्या आधी घालायचा.

ओव्हनमधून काढलेलं गॅलेट लगेच जाळीवर ठेवा. सपाट ताटात ठेवलंत तर तळाची वाफ तिथेच थंड होऊन पुन्हा पाणी होते. दहा मिनिटांनी कापा आणि सॉस कापलेल्या तुकड्यावर घाला, अख्ख्या गॅलेटवर नको.

उरलंच तर दुसऱ्या दिवशी पारी मऊ पडलेली असते, कारण सारणातला ओलावा रात्रभर तिच्यात झिरपतो. मायक्रोवेव्हमध्ये ती आणखी लिबलिबीत होते. 180 अंशांच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटांत बरीचशी सावरते. सॉस फ्रीजमध्येच ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणं धोक्याचं, हवा न मिळालेल्या तेलात बोटुलिझमचे जीवाणू वाढू शकतात. लिंबू घातलेला सॉस एव्हाना शेवाळी झालेला असेल. मॅग्नेशियम निसटलं आहे, चव अजून आहे.