वेब डिझाइन आणि जाड पुस्तकं: कोल्हापुरातली पार्श्वभूमी

कोल्हापुरात २००५च्या आगेमागे बनलेली एखादी वेबसाइट अजून चालू असेल, तर तिचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडून बघा. टेबलात टेबल, त्याच्या पोटात आणखी एक टेबल आणि ओळीओळीला फॉन्ट टॅग (अक्षरांचा आकार-रंग सांगणारी खूण) सापडण्याची शक्यता दाट. फॉन्ट टॅग टाळा, असं वेबपानं लिहायच्या भाषेच्या आवृत्तीने, एचटीएमएल ४.०ने, डिसेंबर १९९७मध्येच सांगून ठेवलं होतं. पानाचं रूप वेगळं लिहून ठेवणाऱ्या सीएसएसची पहिली आवृत्ती तर त्याच्याही वर्षभर आधीची. तरी आमच्याकडे इतकी वर्षं जुनंच गिरवलं गेलं. शिकणारी पोरं आळशी होती म्हणून नव्हे. ती पुस्तकातून शिकत होती आणि पुस्तकं जुनी होती.

विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ला लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं ते महानगरांत. खासगी कंपन्यांना ही सेवा द्यायला परवानगी मिळाली नोव्हेंबर १९९८मध्ये. मोडेमवरून नेट लागायला लागलं तेव्हाही खर्च दुहेरी होता: नेटचे तास वेगळे, फोनचं बिल वेगळं. कॅफेत तासाचे पैसे मोजून टॅग पाठ करत बसणं कुणाला परवडणार? पण एचटीएमएलची एक सोय होती. नेट नसलेल्या संगणकावरही नोटपॅड आणि ब्राउझर असायचा, आणि तेवढ्यावर पान तयार करून बघता यायचं. कमी होती ती फक्त टॅगांच्या यादीची. ती यादी जाड पुस्तकात होती.

परदेशी पुस्तकं मूळ किमतीत घेणं विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचं. दिल्लीच्या बीपीबीने आणि मुंबईच्या श्रॉफने काढलेल्या भारतीय आवृत्त्यांमुळे ती हाताला लागली. कुणी पुण्याला निघालं की अप्पा बळवंत चौकातून काय आणायचं, याची चिठ्ठी त्याच्या खिशात जायची. एक प्रत आली की झेरॉक्स, स्पायरल, आणि मग ती राजारामपुरीपासून विद्यापीठापर्यंत फिरायची. लेखकांच्या हक्कांचा विचार तेव्हा कुणी केला नाही, हे खरंच आहे.

या पुस्तकांत ब्राउझरांच्या भांडणाचे वळ जागोजागी दिसतात. कुठला टॅग नेटस्केपमध्ये चालतो आणि कुठला एक्सप्लोररमध्ये, याचे तक्ते द्यावे लागत. पानावर थर रचणारा लेयर फक्त नेटस्केप ४चा, मजकूर सरकवणारा मार्की मायक्रोसॉफ्टचा. (मार्कीवर आपल्याकडच्या गिऱ्हाइकाचं जे प्रेम होतं, ते अजून पुरतं आटलेलं नाही.) मांडणीसाठी टेबल वापरायची रीत रूढ करण्यात डेव्हिड सीगल यांच्या १९९६च्या ‘क्रिएटिंग किलर वेब साइट्स’चा मोठा हात. मोकळी जागा सोडायला एका पिक्सेलचं पारदर्शक जिफ चित्र ताणायचं, ही युक्तीही त्यांनीच गाजवली. पुढच्याच वर्षी, १९९७मध्ये, त्यांनी लेख लिहून वेब बिघडवल्याचं पाप स्वतःच्या पदरात घेतलं. पण लेख वेबवर राहिला आणि पुस्तकातली युक्ती क्लासच्या नोट्समध्ये. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्याला आमच्याविषयी, उत्पादनं, यंत्रसामग्री, संपर्क एवढी चार पानं हवी असायची. टेबलात ती झकास बसत होती. मग बदलायची गरज कुणाला?

त्यात एक्सप्लोरर ६ने भर घातली. तो आला २००१मध्ये आणि सातवी आवृत्ती निघाली थेट ऑक्टोबर २००६मध्ये. वेब डिझाइनर या काळाला शिव्या घालतात. पुस्तकवाल्या शिकाऊंसाठी मात्र तोच सुखाचा काळ होता, कारण ब्राउझर जागचा हलत नव्हता आणि छापलेलं पान शिळं होत नव्हतं. जेफ्री झेल्डमन यांचं वेब स्टँडर्ड्सवरचं, म्हणजे सगळ्या ब्राउझरांनी पाळायच्या समान नियमांवरचं, पुस्तक २००३चं. मजकूर एचटीएमएलमध्ये, रूप सीएसएसमध्ये, हा विचार त्यातून पसरला. आमच्याकडे तो सावकाश, हप्त्याहप्त्याने पोचला.

मग सगळं भराभर सुटलं. मे २०१०मध्ये ईथन मार्कोट यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणाऱ्या मांडणीला रिस्पॉन्सिव्ह हे नाव दिलं. जानेवारी २०११मध्ये एचटीएमएल लिहिणाऱ्या एका गटाने आवृत्तीचा आकडाच काढून टाकला. यापुढे ते सतत बदलत राहणार. मुखपृष्ठावर आकडा काय छापायचा, इथपासून संदर्भग्रंथाची पंचाईत झाली. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि शिकणारा व्हिडिओकडे वळला.

एक गोष्ट मात्र आमच्या हाताला लागलेल्या जाड पुस्तकांत कधीच धड नव्हती: मराठी. देवनागरी युनिकोडमध्ये (जगभरच्या लिप्यांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) पहिल्या आवृत्तीपासून, १९९१पासून आहे. पण विंडोज एक्सपीवर ती नीट दिसायला सेटिंगमध्ये खूण करून सीडी घालावी लागे. तोवर श्रीलिपीसारख्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांचा मजकूर डायनॅमिक फॉन्टच्या (पानासोबत आपोआप उतरणाऱ्या फॉन्टच्या) आधाराने दाखवायचा, नाहीतर चित्र करून चिकटवायचा. हे कळायचं डीटीपीवाल्याकडून, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवणाऱ्याकडून. ओळींमधलं अंतर इंग्रजी पुस्तकाच्या आकड्याने ठेवलं तर वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात, हेही त्यालाच ठाऊक. म्हणून लग्नपत्रिका आणि हँडबिलं करणारे बरेच जण इथे वेबकडे वळले, तेव्हा मराठी पानांसाठी टॅग त्यांनी पुस्तकातून घेतले आणि अंतर नजरेने ठरवलं.