डॉक्टरांना शौर्यपदक मिळत नाही?

‘शौर्यपदक शत्रूला मारणाऱ्यालाच मिळतं, लष्करी डॉक्टरच्या छातीवरची पदकं फक्त हजेरीची,’ असा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण मोहिमेत सेवा केलेल्या सर्वांना मोहीमपदक मिळतंच. बोअर युद्धात (१८९९–१९०२) दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या ब्रिटिश डॉक्टरांनाही ते मिळालं.

शौर्यपदक मात्र वेगळं. १८५६ साली सुरू झालेला व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान आजवर तिघांनाच दोनदा मिळाला, आणि त्यातले दोघे डॉक्टर होते! गोळीबारात जखमींना उचलून आणणं, हेच त्यांचं शौर्य. माझ्या मते याहून मोठं धैर्य नाही.

घरात जुनं पदक असेल तर कडेवरचं नाव वाचा, मग ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश सरकारी राजपत्राचे जुने अंक चाळा. व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा तिथे पराक्रमाच्या वर्णनासह छापलेली असते.