कॉर्फचा किल्ला तोफांनी पडलेला नाही

इंग्लंडच्या डॉर्सेटमध्ये कॉर्फ कॅसल नावाचं छोटंसं गाव आहे. टेकडीवरच्या किल्ल्याचे कललेले, दुभंगलेले बुरूज दाखवून हमखास सांगितलं जातं, 'क्रॉमवेलच्या तोफांनी हा लोळवला.' क्रॉमवेल म्हणजे राजाविरुद्ध लढलेल्या संसदेच्या फौजेचा सेनानी. पण हे सांगणं खरं नाही.

राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात, १६४३ साली, संसदेच्या फौजेने किल्ल्याला वेढा घातला. मालकीणबाई लेडी मेरी बँक्स यांनी मोजक्या शिबंदीनिशी किल्ला लढवला आणि वेढा उठला. दुसरा वेढा १६४५-४६चा. त्यातही भिंती टिकल्या, घात झाला तो आतून. कर्नल पिटमन हा किल्ल्यातलाच अधिकारी फितूर झाला आणि कुमक आणतो म्हणून चक्क शत्रूचेच सैनिक आत घेऊन आला. तोफांना जमलं नाही ते असं झालं.

पडझड त्यानंतरची. हाती आलेला किल्ला पुन्हा राजपक्षाच्या कामी येऊ नये म्हणून १६४६ मध्येच संसदेने तो पाडायचं ठरवलं. बुरुजांच्या पायाशी खणून दारू ठासली आणि सुरुंग उडवले. पाया सुटल्यामुळेच काही बुरूज अख्खेच्या अख्खे कलले. निखळलेला दगड गावातल्या घरांना लागला.

आणि क्रॉमवेल? या वेढ्यांचं नेतृत्व त्याने केलंच नव्हतं. पण इंग्लंडात कुठलीही जुनी भिंत पडकी दिसली, की खापर त्याच्याच माथी फुटतं.